रुक्मीचे वारस

डिसेंबर 2021 मध्ये जालन्याच्या शेजारच्या जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यात, स्वतःच्या पसंतीने विवाह केलेल्या एका तरुणीची हत्या झाली. माहेरची माणसे भेटीस आली म्हणून ती चहा करावयास उठली. तेवढ्यात धाकट्या भावाने कोयत्याने वार केले व जन्मदात्या आईने त्यास साथ दिली, अशी नोंद पोलिसांनी केली. वृत्तपत्रांनी या अघोर कृत्यास नाव कोणते दिले? 'सैराट'ची पुनरावृत्ती! खून भावाने करावा आणि आरोपीच्या पिंजऱ्यात चित्रपट उभा राहावा, असा हा अजब न्याय आहे.

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झाला आणि शंभर कोटींचा टप्पा गाठणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. पाटलाची आर्ची व मच्छीमाराचा परशा हैदराबादला पळतात, संसार मांडतात आणि अखेरीस भेटवस्तू घेऊन आलेल्या माहेरच्यांच्या हातून मारले जातात. या चित्रपटाने पोरी बिघडवल्या, असा गिल्ला तेव्हा पुष्कळांनी केला. कोवळ्या वयाच्या आकर्षणास अजय-अतुल यांच्या संगीताचा एवढा साज चढविण्याची गरज होती काय, हा प्रश्न रास्तच आहे. अल्पवयीन मुलीच्या पालकाची काळजी हेटाळणीचा विषय नव्हे. पुरोगामी समीक्षकांनी ती हेटाळली, हे त्यांच्या ठरीव उद्दामपणास साजेसेच झाले. परंतु नगर जिल्ह्यातील सोनई येथे प्रेमसंबंधाच्या संशयावरून तीन दलित तरुणांची निर्घृण हत्या झाली ती जानेवारी 2013 मध्ये. त्यावेळी 'सैराट' कोठे होता? नाशिकच्या सत्र न्यायालयाने 2018 मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली, त्यांना कोणत्या चित्रपटाने चिथावले होते?

हिंदी चित्रसृष्टीने तर 2018 मध्ये 'धडक' काढताना मूळ दुखण्यालाच फाटा दिला. उदयपूरचे सरोवर आले, राजवाडे आले, उंची वस्त्रे आली. जात तेवढी उंबऱ्याबाहेर राहिली. रक्त मात्र ठेवले, कारण ते विकले जाते.

जुन्या जालन्यात आषाढी एकादशीला आनंदी स्वामींची पालखी निघते. त्या पालखीपुढे ज्या विठ्ठलाचा गजर होतो, त्याची रखुमाई कोण? विदर्भाची राजकन्या. भाऊ रुक्मी याने तिचा विवाह शिशुपालाशी ठरविला होता. तिने स्वतः श्रीकृष्णास पत्र धाडले आणि देवीदर्शनाच्या निमित्ताने बाहेर पडून त्याच्या रथात बसली. पैठणच्या एकनाथांनी हीच कथा 'रुक्मिणी स्वयंवर' म्हणून मराठीत आणली, आणि उपवर मुलीस चांगले स्थळ मिळावे म्हणून मराठवाड्यातील आया आजही तिच्याकडून याच ग्रंथाचे पारायण करवून घेतात! पोथी पुढ्यात असताना जे पूज्य, ते पोटच्या पोरीने केले की कुळाला कलंक? रुक्मी सैन्य घेऊन पाठलागावर गेला, पराभूत झाला. बहिणीने रदबदली केली म्हणून त्याचे प्राण वाचले, ते मुंडन पत्करून. कोयता घेऊन बहिणीच्या दारी जाणारा कोणत्याही धर्माचे रक्षण करीत नाही; तो रुक्मीचा वारस आहे, आणि रुक्मीची पालखी कोणी काढीत नाही.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायातील ज्या सात बेड्या तोडावयास सांगितल्या, त्यांत बेटीबंदी होती. बाळासाहेब देवरसांनी 1974 मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत अस्पृश्यतेवर निःसंदिग्ध प्रहार केला. ही नावे जयंतीस घेणारे, गावात आंतरजातीय विवाह झाला की कोणाच्या ओसरीवर बसतात? मुलीच्या बापाची समजूत घालावयास किती जण जातात? व्यासपीठावरून समरसता बोलणे सोपे आहे. भावकीत बोलताना जीभ अडखळते.

शक्तिवाहिनी खटल्यात 27 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष स्थापण्याचे आदेश दिले; अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे उभारण्याचा विचार करावा, असेही राज्यांना सांगितले. धोका आहे असे कळताच पोलिसांनी संरक्षण द्यावे, कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी, हेही त्यात आहे. वैजापूरच्या त्या शेतवस्तीवर चहाचे आधण ठेवले गेले, ते त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळाने.