घरच्या गाण्यासाठीं साउंड कार्ड

गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकीं पांच-सहा पत्रांतून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारलेला आढळला. घरांत गाणारें माणूस आहे, संगणकही आहे. मग घरच्या घरीं ध्वनिमुद्रण करण्यास कोणतें साउंड कार्ड घ्यावें, आणि तें बेताच्या पैशांत कसें मिळावें? एका भगिनीनें लिहिलें आहे कीं, त्यांच्या सासूबाईंना मंगळागौरीचीं पुष्कळ गाणीं मुखोद्गत आहेत, त्यांतलीं निम्मीं तरी घरांत दुसऱ्या कोणास येत नाहींत, आणि सासूबाईंनीं आतां ऐंशी ओलांडली आहे. हें पत्र वाचल्यावर विषय पुढच्या अंकावर ढकलण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. त्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव व बालगंधर्व यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत. बुवांचा आवाज मात्र आज कोणासही ऐकावयास मिळत नाहीं. एवढ्या थोर गवयाची ही गत, तर तुमच्या-आमच्या माजघरांतील आवाजांची काय कथा!

प्रथम नांवाविषयीं. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनें १९८९ सालीं ‘साउंड ब्लास्टर’ नांवाची पट्टी बाजारांत आणली. ती संगणकाच्या पोटांत बसवीत, म्हणून तिला कार्ड म्हणत. आज ऐकण्यापुरती ती सोय प्रत्येक संगणकांत मुळांतच असते. ध्वनिमुद्रणासाठीं जें घ्यावयाचें, ती यूएसबीच्या तारेनें बाहेरून जोडावयाची एक लहानशी पेटी होय. दुकानदार तिला ‘ऑडिओ इंटरफेस’ म्हणतात, घरोघरीं मात्र जुनेंच नांव चालतें. तिचीं कामें मुख्यत्वें दोन : मायक्रोफोनमधून येणारा अतिशय क्षीण विद्युत्प्रवाह स्वच्छपणें वाढविणें, व मग त्याचे आंकडे करून संगणकाच्या हवालीं करणें. सारा पैसा या दोन कामांचा. पेटीवरच्या निळ्या-तांबड्या दिव्यांचा नव्हे.

आतां आमच्याच घरची हकीकत सांगतों, कारण शहाणपण आम्हांस तींतूनच आलें. आमच्या आत्याबाई त्या वेळीं ८४ वर्षांच्या होत्या. श्रावणांतल्या एका दुपारीं चिरंजीवांनीं एक साधा मायक्रोफोन संगणकाच्या भोंकांत खुपसून त्यांचीं गाणीं घेतलीं. ऐकतों तों गाण्याच्या पाठीमागें अखंड भुंगा गुणगुणत असलेला! म्हणून आठवड्याभरानें बऱ्यापैकीं एक पेटी विकत आणली. आत्याबाईंनीं सुरुवात अगदीं हळू केली, तेव्हां आम्हीं आवाज वाढविण्याची कळ पुष्कळ पुढें फिरविली आणि निश्चिंतपणें ऐकत बसलों. पुढें त्यांना रंग चढला. वरच्या षड्जावर त्या पोंचल्या, पेटीवरचा तांबडा दिवा लागला, आणि आमच्यापैकीं एकाचेंही तिकडे लक्ष गेलें नाहीं. मुद्रणांत तो षड्ज कापड टरकावें तसा ऐकूं येतो. आत्याबाईंनीं तो ऐकला व म्हणाल्या, “हा कांहीं माझा गळा नव्हे.” पुन्हा घेऊं, पुन्हा घेऊं, म्हणतां म्हणतां दिवाळी उलटली, त्या थंडींत त्यांना मोठें दुखणें झालें, आणि त्यांतून उठल्यावर वरचा गळा परत आला नाहीं. तें गाणें आमच्या संग्रहीं आहे तें त्या फाटलेल्या षड्जासहच आहे. पेटीचा यांत कांहींच अपराध नव्हता.

म्हणून कळ कोठवर फिरवावी हें आधीं लिहितों. आंकड्यांची मापनपट्टी शून्याशीं संपते. त्यापलीकडचा स्वर साठविण्यास जागाच नसते, त्याचें शेंडें छाटलें जातें आणि तें मागाहून जोडतां येत नाहीं. पूर्वीं फितीची सळसळ गाण्याखालीं दडावी म्हणून आवाज भरपूर चढवून घेत. आज बहुतेक पेट्यांस २४ बिटांचें माप असतें; तेव्हां हळू घेतलेला आवाज मागून निर्धास्त वाढवितां येतो. गाणाऱ्यास आपली सर्वांत उंच तान आधीं घ्यावयास लावावी, पडद्यावरील पट्टी त्या तानेला उणे १२ च्या आसपास राहील अशी कळ लावावी, आणि मग तिला हात लावूं नये. ऑडिएंट कंपनीच्या ‘ईव्हो ४’ व फोकसराइटच्या चौथ्या पिढीच्या ‘स्कार्लेट २आय२’ या पेट्या हें माप आपण होऊन लावून देतात. ज्या घरांत यंत्रापाशीं बसावयास कोणी जाणतें नाहीं, त्यांनीं एवढ्यासाठीं थोडे अधिक पैसे दिले तर आम्ही त्यास उधळपट्टी म्हणणार नाहीं.

एरव्हीं खालच्या फळीवरची पेटी पुरते. पाहावयाचें तें हें. कंडेन्सर जातीच्या मायक्रोफोनला ४८ व्होल्टांचा दाब लागतो. तो देण्याची सोय, जिला ‘फँटम पॉवर’ म्हणतात, पेटींत असलीच पाहिजे. एकट्या गळ्याचें गाणें असेल तर मायक्रोफोनचें एक तोंड बस्स. तबला वा पेटी निराळी घ्यावयाची असेल तर दोन. येथें फसगत फार होते, कारण बेहरिंगरच्या ‘यूएम २’ किंवा ‘यूएमसी २२’ वर दोन भोंकें दिसतात, परंतु त्यांतलें दुसरें गिटारसारख्या वाद्याचें आहे. दोन मायक्रोफोन लावावयाचे तर त्याच कंपनीची ‘यूएमसी २०२ एचडी’ पाहावी. शिवाय कानांत गाणाऱ्यास स्वतःचा आवाज थेट पेटींतून मिळावा. तो संगणकांतून फिरून आला तर सेकंदाचा शंभरावा भाग सहज मागें पडतो, आणि लयीला पक्का गायकही त्यानें बिचकतो.

उलट, ज्या आंकड्याची जाहिरात सर्वांत मोठी तो आम्हांस सर्वांत निरुपयोगी वाटला. १९२ हजार नमुने दर सेकंदास! माणसाचा कान २० हजार कंपनांपलीकडे ऐकत नाहीं, आणि तेवढ्यास ४४,१०० नमुने पुरतात. १९८२ सालीं आलेल्या काँपॅक्ट डिस्कचें माप तेंच होतें. ४८ हजारांवर थांबणारी पेटी आहे म्हणून नाक मुरडूं नये. एका दुकानांत आम्हांस आठ तोंडांची पेटी गळ्यांत मारण्याचा बराच प्रयत्न झाला. आठ मायक्रोफोन ठेवावयास आमच्या दिवाणखान्यांत जागा कोठें आहे, असें विचारल्यावर तो गृहस्थ हंसला व त्यानें चहा मागविला.

वांचलेला पैसा मायक्रोफोन, त्याची एक्सएलआर तार व मजबूत घोडी यांवर घालावा. ध्वनिमुद्रणाची आज्ञावली ‘ऑडॅसिटी’ फुकट मिळते. आणि खोलीचें काय? ज्या खोलींत गाद्यांची चवड, कपड्यांचें कपाट आणि जाड पडदे आहेत, ती रिकाम्या दिवाणखान्यापेक्षां कितीतरी बरी; भिंतींवरून आवाज परत येत नाहीं. मायक्रोफोन तोंडापासून सुमारें एक वीत, किंचित् बाजूस. पंखा बंद. आमचा तो भुंगा मात्र बराचसा संगणक चार्जरवर चालू असल्यानें येत होता. तार काढून बॅटरीवर चालवितांच निम्मा गेला, आणि उरलेला पेटी आल्यावर. ज्या घरांतल्या विजेच्या बैठकीला अर्थिंग धड नाहीं, त्यांनीं पेटी बदलण्याआधीं वायरमनला बोलवावें.

मुद्रण झालेल्या फाइली एकाच संगणकावर ठेवूं नयेत. दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर, व शक्य तर तिसरी परगांवच्या भावंडाकडे असावी. प्रत्येक फाइलीच्या नांवांत गाणाराचें नांव, गाण्याचे पहिले शब्द आणि तारीख घालावी. ‘नवीन ७’ या नांवाखालीं काय आहे हें आमच्या घरांतही आज कोणास सांगतां येत नाहीं.

आत्याबाई हल्लीं पट्टी दोन स्वरांनीं उतरवून गातात. पुढच्या रविवारीं सकाळीं सहाला, इमारतीचा पाण्याचा पंप सुरू होण्यापूर्वीं, त्यांनीं बसण्याचें कबूल केलें आहे. कळीपाशीं या खेपेस सूनबाई बसणार आहेत. आम्हांस गाद्यांच्या खोलीबाहेर थांबून कुकर लावूं न देण्याचें काम मिळालें आहे.