स्फूर्तीला चेकबुक नाही

स्फूर्ती या बाईशी माझं वैर आहे. कवींनी तिला डोक्यावर बसवली, चित्रकारांनी तिच्यापायी दाढ्या वाढवल्या, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ज्याची त्याची दाढी. पण अलीकडे ती गरिबांची बिलं बुडवू लागली आहे, आणि बिलाची गोष्ट निघाली की बी. कॉम. झालेल्या माणसाला गप्प बसवत नाही.

माझ्या भाच्याचा दादरला ग्राफिक डिझाइनचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे चाळीतल्या दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि मारवाडी लग्नातल्या व्याह्यासारखा सतत रुसलेला एक प्रिंटर. बँक सुटली की गाडीची गर्दी ओसरेपर्यंत मी तिथे जाऊन बसतो. माझी समजूत अशी, की तिथे कुणीतरी खिडकीतून ढगांकडे बघत बसलेलं असणार, मधेच 'सुचलं!' म्हणून ओरडणार. पाच वर्षं झाली, अजून कुणी ओरडलेलं नाही. एकदा ओरडले, पण ते लाइट गेले म्हणून.

मग ते करतात काय? तुटलेल्या शिरोरेघा जोडतात. इंग्रजी अक्षरं जरा ऐसपैस बसवली की रुबाबदार दिसतात. तोच प्रयोग मराठीवर केला, की रेघ तुटते आणि 'शुभविवाह' या शब्दातले पाच इसम एकमेकांची ओळख नसल्यासारखे दूरदूर उभे राहतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर आला तर वेलांट्या भलत्याच अक्षरांच्या घरात शिरलेल्या असतात, त्यांना एकेक करून स्वगृही पाठवायचं. तिथली एक मुलगी दोन-दोन तास हेच करते. आमच्याकडे दिवसअखेर कॅशमध्ये सात रुपये जुळेनात की आम्ही असेच बसतो. पण आम्हाला त्याबद्दल कलावंत म्हणत नाहीत आणि पगार मात्र पहिल्या तारखेला देतात.

आता शेठचं ऐका. शेठ मसालेवाले. नाव सांगत नाही, कारण मसाला चांगला असतो. त्यांना पाकिटासाठी नवं चिन्ह हवं होतं. भाच्याने त्रेचाळीस चित्रं काढली. कॉम्प्युटरवर त्यांची नावं होती 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल शेवटचं', 'फायनल शेठ ओके' आणि 'फायनल शेठच्या सौ. ओके'. अखेर तीन रेघांची एक मिरची पसंत पडली. बिल पाहून शेठ म्हणाले, "अरे बाबा, तीन रेघांचे एवढे? पाच मिनिटांचं तर काम! तुम्हा आर्टिस्ट लोकांना काय, असं पटकन सुचतं!"

हे 'पटकन सुचतं' म्हणजे मुळावरच घाव आहे. वस्तू आकाशातून पडली म्हटलं, की तिचे पैसे आकाशाने मागावेत. मधल्या माणसाला फार तर चहा. आंबा कोयीतून आपोआप उगवतो, म्हणून कुणी देवगडच्या बागायतदाराला कोयीचा भाव देत नाही.

आणि दाखले काढायचे तर आमच्याच धंद्यातले काढू. स्टेट बँकेचं ते निळं गोल चिन्ह १९७१ सालचं, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामतांचं. लोक छातीठोक सांगतात, की ते तिथल्या कांकरिया तलावावरून सुचलं. तलावाला श्रेय द्यायला लोक किती उतावीळ! तळं काय, ते रोज हजारो माणसं बघत होती. त्यांनी भेळ खाल्ली. अमेरिकेतल्या सिटी बँकेचं १९९८ सालचं चिन्ह पॉला शेर या बाईंनी पहिल्याच बैठकीत कागदी रुमालावर काढलं, हा किस्सा तर जगभर झाला. पण या बाई १९७०च्या दशकात रेकॉर्डांची वेष्टणं काढत होत्या, हे सांगायला किस्सेवाल्यांना सवड नसते. रुमाल दिसतो, मधली पंचवीस-एक वर्षं दिसत नाहीत.

रुपयाचं चिन्ह घ्या. १५ जुलै २०१० रोजी सरकारने ते मंजूर केलं. देवनागरी र, त्यात रोमन आर, वर दोन आडव्या रेघा, आमच्या शिपायाने पाहताक्षणी सांगितलं, "हे तर मीपण काढलं असतं." काढलं असतं, पण स्पर्धेला तीन हजारांवर चित्रं आली होती, आणि ज्यांचं निवडलं ते उदयकुमार पवईच्या आय.आय.टी.त तमिळ छापील अक्षरांवर संशोधन करत होते. अक्षरांच्या अंगणात इतका काळ काढलेल्या माणसाला र भेटला, तर त्यात स्फूर्तीने काय केलं? दार उघडलं असेल फार तर.

आपले कमल शेडगे २०२०मध्ये गेले. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षकं त्यांनी काढली; नाटक बघायच्या आधी लोक अक्षर बघायचे. हा माणूस वर्तमानपत्राच्या कलाविभागात नोकरी करत होता. उद्याच्या अंकात जाहिरात जायची असताना 'आज मूड नाही' म्हणून बघा बरं!

पण खरा राग माझा आहे तो या कलावंत पोरांवरच. शेठसमोर बिलासाठी रडतात, आणि चार लोक जमले की हेच म्हणतात, "काय सांगू, लोकलच्या दारात उभा होतो आणि क्लिक झालं!" भाच्याने एका कॉलेजात असंच भाषण ठोकलं. मी म्हटलं, "गाढवा, बेचाळीस नापास चित्रांचं का नाही सांगितलंस?"

"मामा, ते ऐकायला बरं वाटत नाही."

बरं वाटत नाही! मग शेठ देतोय तेवढ्यात बरं वाटून घे.

बँकाही काही कमी नाहीत. भाचा एका बँकेत (माझ्या नव्हे) कॅश क्रेडिट मागायला गेला. साहेबांनी विचारलं, "दरमहा स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागेल. माल काय?" आता माल काय सांगायचा? नाकारलेल्या मिरच्या? साहेब भले होते, म्हणाले, "गोडाऊन तरी दाखवा." याने स्वतःचं डोकं दाखवलं नाही, एवढी त्याची समज. कर्ज अजून व्हायचंय.

अखेर मीच बसून नवं बिल तयार केलं. चांगलं खतावणीच्या शिस्तीत:

सुचलेले चित्र, नग १ : शुल्क नाही.
न सुचलेली चित्रे, नग ४२ : प्रत्येकी दर अमुक, एकूण तमुक.
वेलांट्या जागेवर आणणे : स्वतंत्र.

शेठनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. एकूण तमुकवर बोट ठेवलं. मला वाटलं, पटलं.

"ठीक आहे," ते म्हणाले, "पण मग ती बेचाळीसही आमचीच ना? हळदीच्या पाकिटावर चालवून घेऊ."