दोन मॉनिटर, एकच खिडकी

दुसरा मॉनिटर ही आता चैन राहिलेली नाही. ऑफिसात तो मिळतो, आणि घरून काम सुरू झाल्यावर अनेकांनी तो स्वतःच्या खिशातून घेतला. पण ज्या सॉफ्टवेअरसमोर आपण दिवसाचे आठ-दहा तास बसतो, ते कोड लिहायचं सॉफ्टवेअर बरेचदा असं वागतं की जगात पडदा एकच आहे. म्हणजे भाडं दोन खोल्यांचं भरायचं आणि घरमालकाने सांगायचं, सगळं सामान एकाच खोलीत ठेवा!

माझं म्हणणं सरळ आहे. आयडीईमधलं प्रत्येक पॅनेल (टर्मिनल, आउटपुट, डीबगर, फाइलींची यादी, सगळं) ओढून मुख्य खिडकीबाहेर काढता आलं पाहिजे, आणि बाहेर काढल्यावर ते स्वतंत्र खिडकीसारखं वागलं पाहिजे. ही हौशी लोकांची जादा मागणी नाही. टेबलावर कुठली वस्तू कुठे ठेवायची हे टेबलावर काम करणाऱ्याने ठरवायचं असतं, इतकी ही साधी गोष्ट आहे.

"अरे, ऑल्ट-टॅब आहे ना!" हे उत्तर हमखास मिळतं. ज्यांना डीबगिंग करावं लागत नाही त्यांना ते पुरेलही. पण ब्रेकपॉइंटवर प्रोग्रॅम थांबला की एकाच वेळी चार गोष्टी बघायच्या असतात: कोडची ओळ, व्हेरिएबलच्या किमती, कॉल स्टॅक आणि प्रत्यक्ष चालणारं ॲप्लिकेशन. हे काम तुलनेचं आहे. दोन गोष्टी शेजारी असतील तर डोळा फिरवला की झालं. एकीवर दुसरी झाकली असेल तर पहिली डोक्यात धरून दुसरीकडे जावं लागतं, आणि तेवढ्यात धरलेलं निसटतं. ऑल्ट-टॅब हे शेजारी ठेवण्याला पर्याय नाही; शेजारी ठेवता येत नाही म्हणून केलेली ती तडजोड आहे.

आता थोडा इतिहास, कारण एका खिडकीचा हट्ट काही मूर्खपणातून आलेला नाही. १९९५ मध्ये आलेल्या डेल्फीत सगळ्या खिडक्या सुट्या होत्या. कोड एकीकडे, फॉर्म दुसरीकडे, ऑब्जेक्ट इन्स्पेक्टर तिसरीकडे, आणि मधल्या फटींतून मागचा डेस्कटॉप दिसायचा. छोट्या पडद्यावर तो पसारा वैताग आणायचा. म्हणून हळूहळू सगळ्यांनी सामान एका चौकटीत बांधलं. व्हिज्युअल बेसिकने १९९७ च्या पाचव्या आवृत्तीत, डेल्फीने २००३ च्या आठव्या आवृत्तीत, ॲपलच्या एक्सकोडने २०११ मध्ये. चित्रांसाठीच्या गिंपनेही २०१२ च्या २.८ आवृत्तीत एक-खिडकी मोड दिला आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण गिंपचं एक बघा. त्यांनी तो 'मोड' म्हणून दिला. ज्याला एक खिडकी हवी त्याला एक, ज्याला सुट्या हव्यात त्याला सुट्या. बाकी अनेकांनी पसारा आवरण्याच्या नादात दारालाच कुलूप लावलं.

आणि अनेक मॉनिटर ही काही कालपरवाची भानगड नाही. १९८७ च्या मॅकिंटॉश टू वर एकापेक्षा जास्त मॉनिटर जोडता येत होते. विंडोजच्या घरगुती मालिकेत ही सोय १९९८ मध्ये, विंडोज ९८ मध्ये आली. तरी व्हिज्युअल स्टुडिओमध्ये कोडची फाइल मुख्य खिडकीबाहेर काढून दुसऱ्या मॉनिटरवर टाकायला २०१० ची आवृत्ती यावी लागली. तोवर टूल विंडोज बाहेर यायच्या, कोड मात्र आतच. इकडे इमॅक्सवाले मिशीतल्या मिशीत हसत होते, कारण त्यांच्याकडे १९९३ पासून एकाच प्रोसेसच्या अनेक खिडक्या होत्या (ते त्यांना 'फ्रेम' म्हणतात) आणि तीच फाइल दोन्हीकडे जिवंत दिसत होती.

सगळ्यात बोलका किस्सा व्हीएस कोडचा. तो आला २०१५ मध्ये. खिडक्या सुट्या करू द्या, ही मागणी २०१६ पासून सार्वजनिक यादीत पडून होती. ती पुरी झाली २०२३ च्या अखेरीस, १.८५ या आवृत्तीत. सात वर्षं! आणि त्या आवृत्तीतही बाहेर आले ते एडिटर. एक्सप्लोरर आणि डीबगचा साइडबार मुख्य खिडकीतच राहिले.

एवढा वेळ का लागला? कारण खरं आहे, आणि इंजिनिअर म्हणून मला ते पटतं. हा एडिटर इलेक्ट्रॉनवर चालतो, म्हणजे आतून ते क्रोमियममधलं वेबपान असतं. अशा कोडमध्ये 'विंडो' आणि 'डॉक्युमेंट' ही ग्लोबल नावं सर्रास थेट वापरली जातात. म्हणजे खिडकी एकच आहे हे शेकडो ठिकाणी न बोलता गृहीत धरलेलं. दुसरी खिडकी आली की त्या प्रत्येक ठिकाणी "कुठली खिडकी?" हा प्रश्न उभा राहतो. मेनू कुठे उघडायचा, फोकस कुठे आहे, माउस कुठल्या पानावर आहे... हे सगळं निस्तरणं किचकट काम आहे, आणि ज्यांनी केलं त्यांना सलाम.

पण मंडळी, "आमची रचना तशी नाही, अवघड आहे" हे प्रामाणिक उत्तर आहे. "त्याची गरजच नसते" हे नाही. आपल्या धंद्यात पहिल्याच्या जागी दुसरं सांगायची फार वाईट खोड आहे. जे करणं अवघड ते वापरणाऱ्याला नकोच असतं, असं एकदा ठरवलं की सगळं सोपं होतं.

मग पळवाटा सुचवल्या जातात. एक म्हणजे, खिडकी ताणून दोन्ही मॉनिटरवर पसरवा. करून बघा. कोडच्या ओळीच्या बरोबर मधोमध मॉनिटरची कडा येते. एक मॉनिटर उंच आणि दुसरा बुटका असेल तर खालची पट्टी अधांतरी जाते. मॅकवर प्रत्येक पडद्याला वेगळी स्पेस असेल (२०१३ च्या मॅव्हरिक्सपासून ती पद्धत आहे) तर खिडकी दोन पडद्यांवर पसरतच नाही.

दुसरी पळवाट म्हणजे तोच प्रोजेक्ट दुसऱ्यांदा उघडा. म्हणजे लँग्वेज सर्व्हर दोनदा, इंडेक्सिंग दोनदा, रॅम दुप्पट. आणि इतकं करून सेव्ह न केलेला बदल पलीकडे दिसत नाही, चालू असलेलं डीबग सेशन पलीकडे नाही. ही दुसरी खिडकी नव्हे, हा दुसरा संसार झाला.

तिसरी पळवाट, मोठा रुंद मॉनिटर घ्या. म्हणजे सॉफ्टवेअरची उणीव माझ्या खिशातून भरून काढा!

आता ज्यांनी सोय दिली आहे त्यांच्याकडे वळू. "मल्टी-मॉनिटर सपोर्ट" असं जाहिरातीत लिहिणं सोपं आहे. प्रत्यक्षात कित्येक तरंगत्या खिडक्यांची गत असून अडचण नसून खोळंबा अशी असते. खिडकी बाहेर येते खरी, पण टास्कबारवर दिसत नाही. मुख्य खिडकी मिनिमाइझ केली की तीही गायब. मुख्य खिडकीवर आणली तर कायम तिच्या डोक्यावर बसते. जेटब्रेन्सच्या आयडीईंनी हा फरक नीट ओळखलाय. तिथे 'फ्लोट' आणि 'विंडो' हे दोन वेगळे पर्याय आहेत. फ्लोट मुख्य खिडकीच्या वर तरंगतं, विंडो ही खरोखर स्वतंत्र असते. ज्याने हे दोन शब्द वेगळे ठेवले त्याने स्वतः दोन मॉनिटरवर काम केलं असणार, हे मी पैजेवर सांगतो.

आणि खरी परीक्षा तर संध्याकाळी होते. ऑफिसात दोन मॉनिटर, घरी एक, मधे लॅपटॉप पाठीवरच्या सॅकमध्ये. केबल काढली की बाहेर ठेवलेल्या खिडक्यांचं काय? चांगलं सॉफ्टवेअर त्या मुकाट्याने उरलेल्या पडद्यावर आणतं आणि सकाळी केबल लावली की पुन्हा जागच्या जागी ठेवतं. वाईट सॉफ्टवेअर त्यांना नसलेल्या मॉनिटरवर उघडतं. मग विंडोज, शिफ्ट आणि बाण दाबून त्या हुडकत बसा. विंडोज ११ ने २०२१ मध्ये मॉनिटरच्या जोडणीनुसार खिडक्यांची जागा लक्षात ठेवायची सोय दिली. व्हिज्युअल स्टुडिओत २०१५ पासून मांडणीला नाव देऊन ती जपून ठेवता येते. लिनक्सवर वेलँडच्या मूळ रचनेत ॲप्लिकेशनला स्वतःची खिडकी पडद्यावर नेमक्या जागी ठेवताच येत नाही, तिथे ही जबाबदारी डेस्कटॉपवर येते. थोडक्यात, प्रश्न सुटणारा आहे, फक्त कोणीतरी तो आपला मानला पाहिजे.

तेव्हा पुढच्या वेळी टीममध्ये एडिटर निवडायची चर्चा निघाली तर थीम आणि फाँटच्या आधी चार गोष्टी तपासा. डीबगरचं पॅनेल बाहेर येतं का? बाहेर आल्यावर टास्कबारवर दिसतं आणि सगळे शॉर्टकट तिथे चालतात का? केबल काढून पुन्हा लावल्यावर मांडणी परत येते का? आणि दोन मॉनिटरचं रिझोल्यूशन वेगळं असेल तर पलीकडे अक्षर धुरकट तर होत नाही ना? (व्हिज्युअल स्टुडिओला हे शेवटचं नीट जमायला २०१९ ची आवृत्ती उजाडली.) चारातल्या दोन गोष्टींना "नाही" आलं तर तसं लिहून कळवा, मागणीच्या यादीत आपलं मत टाका. सात वर्षांनी का होईना, ते मोजलं जातं हे आपण पाहिलंय.

आणि तुम्ही स्वतः डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहीत असाल तर एवढंच करा: पहिल्या दिवशी कोडमध्ये 'खिडकी' हा शब्द अनेकवचनी लिहा. नंतर एकाचे दोन करताना किती वर्षं जातात, ते वर लिहिलेलं आहेच.