विश्लेषण : लारा क्रॉफ्टवर गेमर्सचा खरा आक्षेप कोणता?

ॲमेझॉनच्या आगामी मालिकेत लारा क्रॉफ्टच्या भूमिकेसाठी सोफी टर्नरची निवड झाली आणि ‘खरी लारा कोणती’ हा जुना वाद पुन्हा निघाला. चर्चा बहुतेकदा तिच्या देहयष्टीवर आणि आखूड पॅन्टवर अडकते. पण ‘टूम्ब रेडर’ वर्षानुवर्षे खेळणाऱ्या अनेकांचा आक्षेप वेगळाच आहे. लारा कशी दिसते यापेक्षा कंट्रोलर हातात असताना ती काय करते, हा त्यांचा मुद्दा आहे.

मूळ लारा कशी होती?

इंग्लंडमधील डर्बीच्या ‘कोअर डिझाइन’ने १९९६ मध्ये पहिला गेम आणला. लाराचे रूप टोबी गार्ड यांनी घडवले. तेव्हाच्या यंत्रांची ताकद बेताची, त्यामुळे तिचे शरीर मोजक्या टोकदार त्रिकोणांचे होते. गेममधली जागाही सारख्या चौकोनी ठोकळ्यांची. धावत मारलेली उडी किती चौकोन पार करणार, हे ठरलेले असे. कड्यापर्यंत जायचे, एक उडी मागे घ्यायची, मग धावून झेप, असा हिशेब खेळणाऱ्याला करावा लागे. सुरुवातीला समोर येत ते बहुतेक लांडगे, अस्वले, वटवाघळे. एकटी, थंड डोक्याची, अंतर जोखणारी बाई उभी राहिली ती संवादांतून नव्हे, या उड्यांतून. जाहिरातींनी मात्र तिला कॅलेंडरवरची मॉडेल करून टाकले. गार्ड लवकरच कंपनीतून बाहेर पडले, त्यामागे ही नाराजीही होती.

२०१३ मध्ये काय बदलले?

‘क्रिस्टल डायनॅमिक्स’ने नवी लारा आणली. प्रमुख लेखिका ऱ्हियाना प्रॅचेट. कपडे पूर्ण, वय कमी, जहाज फुटून बेटावर अडकलेली नवखी मुलगी. आदल्या वर्षी निर्माते रॉन रोझेनबर्ग यांनी, खेळणारा स्वतःला लाराच्या जागी पाहत नाही, त्याला तिचे रक्षण करावेसे वाटते, असे सांगून वाद ओढवून घेतला. स्वतः लारा होऊन खेळलेल्या मुलींचा यात विचारच नव्हता.

खरी गडबड पुढे आहे. पहिला माणूस मारल्यावर ही लारा कोलमडते. थोड्याच वेळात ती एकामागून एक माणसे टिपू लागते आणि डोक्यात अचूक नेम लागला की जादा गुणही मिळतात. कथा म्हणते तिला धक्का बसलाय, गुणांचा तक्ता म्हणतो शाब्बास.

या विसंगतीला नाव आहे?

आहे, पण उच्चारायला अवघड : ल्यूडोनॅरेटिव्ह डिसोनन्स. म्हणजे कथा एक सांगते, खेळाचे नियम दुसरेच करायला लावतात. गेम डिझायनर क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्ये ‘बायोशॉक’वर टीका करताना हा शब्द वापरला. ‘अनचार्टेड ४’ने तर १,००० शत्रू मारणाऱ्याला याच नावाची ट्रॉफी देऊन स्वतःचीच थट्टा केली.

उपाय निघाला का?

थोडाफार. २०१८ च्या ‘शॅडो ऑफ द टूम्ब रेडर’मध्ये लढाई, शोध आणि कोडी यांची काठिण्यपातळी वेगवेगळी ठेवता येते. म्हणजे गोळीबार सोपा करून थडग्यांतली कोडी अवघड ठेवता येतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिले तीन गेम नव्या रूपात आले. त्यातली वांशिक साचेबद्ध चित्रणे काढली नाहीत, सुरुवातीला तशी सूचना दिली. एक बटण दाबले की जुनी टोकदार लारा आणि नवी गुळगुळीत लारा आलटून पालटून दिसते. याचे जुन्या गेमर्सनी कौतुक केले. तक्रार झाली ती आधुनिक कंट्रोलच्या पर्यायाबद्दल : त्यावर उड्यांचा जुना हिशेब जुळत नाही.