सापडले नाही, की शोधलेच नाही?

मजकूर शोधणारे ग्रेप आणि फाइल शोधणारे फाइंड ही युनिक्सची १९७०च्या दशकातली साधने. ग्रेप केन थॉम्प्सन यांनी लिहिले. दोन्हींच्या ग्नू आवृत्त्या सी भाषेत आहेत आणि मिनजीडब्ल्यू हा कंपायलर वापरून त्या विंडोजवर बांधता येतात. प्रोग्राम तयार होतो, चालतोही. पोर्टिंगचे खरे काम त्यानंतर सुरू होते, कारण मूळ कोडने युनिक्सबद्दल गृहीत धरलेल्या कितीतरी गोष्टी विंडोजवर खऱ्या नसतात.

पहिली अडचण नावाचीच. विंडोजमध्ये फाइंड नावाचा वेगळाच प्रोग्राम आधीपासून आहे आणि तो मजकूर शोधतो. पाथमध्ये जो आधी सापडेल तो चालतो. युनिक्समध्ये तारांकित नमुन्याच्या जागी फाइलींची नावे शेल भरते. विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट तो नमुना आहे तसा पुढे पाठवतो, म्हणून ग्रेपला तो स्वतः उलगडावा लागतो. फाइंडच्या नेम पर्यायापुढचा नमुना मात्र अजिबात उलगडता कामा नये. एकाला हवी ती सोय दुसऱ्याला मारक ठरते.

ओळीच्या शेवटाचा घोळ याहून खोल आहे. विंडोजच्या मजकूर फाइलींत ओळ दोन बाइटांनी संपते, युनिक्समध्ये एकाने. त्यामुळे ‘ओळीच्या शेवटी अमुक शब्द’ अशी शोधअट जुळत नाही. मध्ये एक जादा बाइट असतो. फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडली की तो बाइट गळतो, पण त्या मोडमध्ये कंट्रोल-झेड, म्हणजे २६ क्रमांकाचा बाइट, फाइलीचा शेवट मानला जातो. हा सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळचा वारसा. फाइलीत मध्येच तो बाइट आला तर शोध तिथेच थांबतो आणि कसलीही सूचना मिळत नाही. फाइल बायनरी मोडमध्ये उघडून जादा बाइट स्वतः हाताळणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

मराठी वापरकर्त्याला सर्वांत जास्त झळ बसते ती फाइलींच्या नावांमुळे. विंडोज नावे यूटीएफ-१६मध्ये ठेवते. जुन्या धाटणीचा सी प्रोग्राम ती कोड पेजमधून, म्हणजे अक्षरांच्या मर्यादित तक्त्यातून, वाचतो, आणि विंडोजच्या पारंपरिक सिस्टिम कोड पेजांपैकी एकातही देवनागरी नाही. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. प्रश्नचिन्ह विंडोजच्या फाइलनावात चालतच नाही, त्यामुळे ‘हिशेब’ नावाची फाइल समोर असूनही उघडत नाही. उपाय म्हणजे सर्वत्र रुंद अक्षरांची फंक्शने वापरणे; २०१९ पासूनच्या विंडोज १०मध्ये मॅनिफेस्टमधून यूटीएफ-८ हे कोड पेज मागता येते. २६० अक्षरांच्या पाथमर्यादेपलीकडच्या फाइलीही अशाच निसटतात.

फोल्डरांच्या फेऱ्यात अडकू नये म्हणून फाइंड आयनोड क्रमांक, म्हणजे युनिक्समधली फाइलीची ओळख, तपासते. विंडोजच्या सी लायब्ररीत स्टॅट हे फंक्शन तो क्रमांक शून्य देते, आणि वापरकर्त्याच्या फोल्डरात तर स्वतःच्याच पालकाकडे परत नेणारी जंक्शने असतात. खरी ओळख पटवायची तर व्हॉल्यूमचा क्रमांक आणि फाइल इंडेक्स विंडोजकडून मागून घ्यावे लागतात.

सिगविनसारखा युनिक्सचा आख्खा थर वापरला तर यातले बरेच प्रश्न सुटतात, पण वेग कमी होतो. वेगाची तडजोड चालेल. गप्प राहून फाइल वगळणे चालणार नाही. ग्रेप सापडले तर शून्य, न सापडल्यास एक आणि चूक झाल्यास दोन हा अंक परत करते. न उघडलेल्या फाइलीसाठी एक परत करणारे पोर्ट खोटी साक्ष देते, आणि त्या उत्तरावर विसंबून पुढची स्क्रिप्ट जुनी फाइल पुसूनही टाकू शकते. म्हणून देवनागरी नाव, मध्येच आलेला कंट्रोल-झेड बाइट, लांबलचक पाथ आणि वाचायची परवानगी नसलेली फाइल, या चार चाचण्या पार केल्याशिवाय असे पोर्ट कोणाच्या हाती देऊ नये.