दोन इंचांचा हिशेब

दुकानासाठी पंधरा वर्षांपूर्वी घेतलेली गाडी मुलाच्या हाती आली, की ठाणे-कल्याण-डोंबिवलीकडच्या व्यापारी घरांत एक संवाद हमखास घडतो. ‘पप्पा, फक्त दोन इंच खाली घ्यायची आहे,’ असे मुलाने म्हणावे आणि वहीवरची नजर न काढता वडिलांनी ‘किती लागतील?’ एवढेच विचारावे. प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे.

गॅरेजवाला जी रक्कम सांगतो ती सर्वांत लहान असते. मूळ स्प्रिंगचा एखादा वेढा कापून देण्याची मजुरी दोन-चार हजारांत भागते. कमी उंचीच्या तयार स्प्रिंगचा संच साधारण वीस-तीस हजारांच्या घरात जातो, आणि उंची हवी तशी वर-खाली करता येणारे कॉइलओव्हर घ्यायचे तर आकडा लाखाजवळ पोहोचतो. आता गाडीची किंमत पाहावी. पेढीच्या नावावरील चार लाखांच्या गाडीवर दरसाल १५ टक्के घसारा धरला, तर पंधरा वर्षांनी वहीत तिचे मूल्य सुमारे ३५ हजार उरते. म्हणजे चैनीचा खर्च मूळ वस्तूच्या मूल्याला गाठतो किंवा ओलांडून जातो. शिवाय हा खर्च हौसेचा. तो धंद्याच्या खात्यात टाकण्याचा मोह टाळलेलाच बरा.

गाडी खाली घेण्यामागे केवळ दिखावा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर गाडी कमी झुकते. शर्यतीच्या गुळगुळीत मार्गावर त्याचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु स्प्रिंग कापल्याने ती केवळ आखूड होत नाही, कडकही होते. सहा वेढ्यांतला एक काढला, तर उरलेली स्प्रिंग सुमारे वीस टक्के अधिक कडक होते. जुना शॉक अॅब्सॉर्बर त्या कडकपणासाठी बनवलेलाच नसतो. त्याची हालचाल करण्याची जागा कमी होते, प्रत्येक खड्ड्यात तो तळाला आदळतो आणि लवकरच तेल गाळू लागतो. जॅक लावून चाक उचलले, तर आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटण्याचीही भीती असते. काही ठिकाणी स्प्रिंग गॅसने तापवून बसवतात; त्याने पोलादाचे पाणीच उतरते, आणि अशी स्प्रिंग भर रस्त्यात तुटू शकते. त्यात गाडी पंधरा वर्षांची. तिचे रबरी बुश आधीच वाळलेले, बॉल जॉइंट सैल झालेले. चाकांचा कोन बदलल्यामुळे टायर आतल्या बाजूने झिजू लागतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते दिसतही नाही. नवे टायर, नवे शॉक अॅब्सॉर्बर, पुन्हापुन्हा व्हील अलाइनमेंट ही बिले पुढच्या वर्षी येतात, तेव्हा त्यांचा संबंध त्या दोन इंचांशी कोणी जोडत नाही.

जमिनीपासूनचे अंतर हा मात्र निव्वळ वजाबाकीचा विषय आहे. छोट्या गाडीच्या पोटाखाली साधारण साडेसोळा सेंटीमीटर मोकळी जागा असते. त्यातून पाच गेले, उरले साडेअकरा. घरची पाच माणसे बसली, डिकीत सामान भरले, की गाडी आणखी काही सेंटीमीटर दबते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधकाची उंची १० सेंटीमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असते. छोट्या गाडीची चारही चाके त्यावर एकाच वेळी मावतात. सोसायट्यांच्या तोंडाशी रातोरात उभे राहणारे अरुंद उंचवटे हे मानक वाचून बांधलेले नसतात. घोडबंदर रस्त्याची पावसाळ्यातली अवस्था, कल्याण-शीळ मार्गावरील खोदकाम, डोंबिवलीच्या गल्ल्यांतील उखडलेले पेव्हर ब्लॉक यांची ओळख वाचकांना करून देण्याची गरज नाही. चेंबर एकदा फुटला, तेल वाहून गेले आणि चालकाने लक्ष न देता गाडी तशीच पुढे रेटली, तर इंजिन जाम होते. असे परिणामी नुकसान विमा कंपन्या बहुधा मान्य करत नाहीत. त्यातून बदल कळवलेला नसेल, तर दाव्यावर वाद घालण्यास त्यांना आयतेच कारण मिळते.

कायद्याची बाजूही हलकी नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरफारावर मर्यादा घालते. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मालक म्हणजे नोंदणीपत्रावर ज्याचे नाव आहे तो. बहुतेक घरांत ते वडिलांचे असते. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी ठाण्याच्या किंवा कल्याणच्या आरटीओत तपासणीस न्यावी लागते, ते वेगळेच.

आणि या गाडीत बसणार कोण? पर्युषणात आजीला टेंभी नाक्याच्या मुनिसुव्रतस्वामींच्या देरासरात हीच गाडी नेते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली बसणे एक वेळ जमते, उठणे जमत नाही. विहारसेवेत साधू-साध्वींच्या मागे महामार्गाच्या कच्च्या कडेने हळूहळू चालणारी गाडीही हीच. कड्याचा उतार आणि सुटे दगड तिच्या पोटाला लागणार. श्रावकाच्या आठव्या व्रताचे, अनर्थदंड-विरमणाचे, जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत असमीक्ष्याधिकरण आहे: प्रयोजनाचा विचार न करता गरजेपेक्षा अधिक करत राहणे. प्रवचनात हा शब्द ऐकताना कोणाच्या डोळ्यांपुढे गॅरेज येत नसेल, पण तो तिथेही लागू पडतो.

मुलाची हौस मात्र दटावून संपत नाही. त्याच पैशांतून मूळ उंचीचे नवे शॉक अॅब्सॉर्बर, रबरी बुश आणि चांगले टायर बसवले, तर जुनी गाडी वळणावर किती सुधारते हे त्याला स्वतः चालवून पाहता येते. ज्यांच्या घरी काम आधीच झाले आहे, त्यांनी प्रथम गॅरेजमधून मूळ स्प्रिंग परत मागाव्यात. कापलेल्या असतील तर त्या निरुपयोगी; त्याच मॉडेलचा नवा संच घ्यावा, आणि बदल करताना उजवी-डावी जोडी एकत्रच बदलावी. त्यानंतर व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा दोन्ही तपासून घ्यावी, आणि हे सारे मृग लागण्यापूर्वी उरकावे.