पोरगं सगळं शिकलं तर दुकान टाकंल, ही भीती

वस्ताद सगळे डाव शिकवतो पण एक राखून ठेवतो, हे आपल्या कोल्हापुरात लहान पोरालाही माहीत असतं. तालमीतलं तालमीत राहू दे. पण हाच नियम दुकानात लावणारे मालक मला प्रत्येक बॅचमध्ये भेटतात. "सर, सगळं शिकवलं तर उद्या समोरच्याच गाळ्यात दुकान टाकंल." म्हणून खरेदीचा रेट सांगायचा नाही, सप्लायरशी बोलू द्यायचं नाही, मार्जिन तर लांबच. मला हे अजिबात पटत नाही.

पुण्याचे नंदन बाळ बघा. 1980 च्या दशकात भारताकडून डेव्हिस कप खेळले, पुढं त्याच टीमचे कोच झाले. 2020 मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. आणि शिकवायचं कुणाला? लिअँडर पेस, महेश भूपती अशांना. 1999 मध्ये फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन, दोन्हीकडं डबल्स जिंकलेली जोडी! म्हणजे कोचपेक्षा नाव मोठं असलेले खेळाडू. 'हा माझ्या पुढं गेला तर माझं काय' असा विचार करणाऱ्याला हे काम जमेल का?

शिवाय खेळता येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं. चांगल्या खेळाडूचा फोरहँड हातात बसलेला असतो. शिकवताना तो सुटा करावा लागतो : पकड कशी, पाय कुठं, खांदा कधी वळला, बॉल कुठं घेतला. आता तुमचं सांगा. गिऱ्हाईक पायरी चढतानाच तुम्हाला कळतं, हा घेणार की नुसता रेट विचारून जाणार. पोरानं विचारलं "कसं कळलं?" तर तुम्ही म्हणता, "अनुभव रे!" याला शिकवणं म्हणत नाहीत. माझं हार्डवेअरचं दुकान आहे. हातात मापाची चिठ्ठी आहे का, सोबत प्लंबर आलाय का, आधी रेट विचारला की माल कधी मिळेल ते विचारलं, एवढं मी पोरांना मोजून बघायला लावतो.

टेनिसमध्ये बहुतेक स्पर्धांत कित्येक वर्षं मॅच चालू असताना कोचनं बोलायला बंदी होती. वर बसून गप बघायचं. (डेव्हिस कपला कॅप्टन कोर्टवर बसतो, ती गोष्ट वेगळी.) आपल्याकडं पोरगं रेट सांगतंय तोवर मालक गल्ल्यावरून ओरडतो, "थांब, मी बघतो!" झालं. ते गिऱ्हाईक पुन्हा त्या पोराशी बोलतच नाही.

पोरं सोडून जातात का? जातात की. माझ्याकडची दोघं गेली. एकानं खरंच दुकान टाकलं, आणि माल कमी पडला की माझ्याकडूनच नेतो. दुसरा पगारासाठी गेला. तीन वर्षं तोच पगार दिलात तर न शिकवलेलं पोरगंही जाणारच, त्याचा दोष शिकवण्यावर टाकू नका.

या आठवड्यात एकच करा. सप्लायरला फोन पोराला लावू दे, रेट त्यालाच ठरवू दे. तुम्ही शेजारी स्टुलावर बसा, आणि फोन ठेवेपर्यंत तोंड उघडू नका.